धोंडूच्या हातात दिवटी कोणी दिली?

मे महिन्याच्या सुटीत मुंबईची भाचरे गावी आली की घराचे काय होते, ते वाचक बंधुभगिनींना आम्ही सांगायला नको. यंदा मालवणजवळच्या आमच्या वाडीत त्यांनी एक नवाच खेळ आणला. या खेळाला पट नाही की सोंगट्या नाहीत. एक वही, एक पेन्सिल आणि एक फासा असला की झाले. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. कोणी शिपाई, कोणी वैद्य, कोणी चोर. "समोर बंद दरवाजा आहे, आता तू काय करशील?" असे गोष्ट सांगणारा विचारतो. आपण काय करायचे ते आपण सांगायचे आणि ते जमले की फसले, हे फासा ठरवतो. मूळ खेळात म्हणे वीस बाजूंचा फासा असतो. आमच्याकडे लुडोचा होता, त्याच्यावर भागले.

मुलांनी गोष्ट रचली ती आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावरची. काळोखी रात्र, भरतीचे पाणी आणि तटाखाली लपवलेला खजिना. मग पात्रांना नावे देण्याचे काम सुरू झाले आणि त्यात तासभर गेला. भांडणे झाली, खोडरबर हरवले. अखेर शिपाई झाला राजवीर, जादूगार झाला ड्रॅकोर आणि चोराचे नाव ठरले शॅडो. आणखी एक पात्र होते. सगळ्यांच्या पुढे दिवटी धरून चालणारा, बावळट बोलणारा आणि पहिल्या खड्ड्यात पडणारा गडी. त्याचे नाव ठरवायला अर्धे मिनिटही लागले नाही. धोंडू! सगळी मुले खो खो हसली. आम्हीही हसलो, हे कबूल करतो.

आमच्या मातोश्री पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. त्यांनी हातातले काम थांबवले आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्या नाव माझ्या बापाशीचा. तेका दिवटी कित्याक दिलास?"

कोणाला काही उत्तर सुचेना. आमचे आजोबा धोंडू हे आम्हाला ठाऊक होते. तरीही हसताना ते आठवले नाहीत, याची लाज वाटली.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. धोंडू म्हटले की गडी आणि राजवीर म्हटले की शूर, हे त्यांना कोणी बसवून शिकवलेले नाही. सिनेमातला नोकर रामू असतो. नाटकात चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्याला आडनावच नसते. हे पाहतच मुले वाढतात, आपणही तसेच वाढलो.

आपल्याकडचा दशावतार घ्या. देवळाच्या जत्रेशी आपला संबंध उरला नसला तरी लहानपणी रात्र रात्र जागून आम्ही तो पाहिला आहे, आणि खोटे कशाला बोला, आवडीने पाहिला आहे. मुलांच्या खेळाचा हा जुना भाऊबंदच म्हणायचा. लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती ते ठरते, राजपार्ट कोणाचा, स्त्रीपार्ट कोणाचा, राक्षस कोण ते ठरते आणि संवाद ज्याने त्याने रंगमंचावर ऐनवेळी रचायचे. आता त्यातली भाषा पाहा. राजा, राणी, देव हे सगळे पुस्तकी मराठीत बोलतात. सुरुवातीच्या सोंगांत आपल्या मालवणीत बोलतो तो शंखासुर, म्हणजे वेद पळवणारा राक्षस! विष्णू शेवटी त्याला मारतो. गावच्या माणसासारखा बोलणारा एकच, तो काळा, आणि त्याने वेदाला हात लावला म्हणून मरणार. लहानपणी हे आमच्या ध्यानात आले नव्हते. पण एक गोष्ट तेव्हाही कळत होती. रात्रभर लोक आठवण काढायचे ती त्याचीच आणि प्रेमाने त्याला 'संकासूर' म्हणायचे. लोकांच्या जिभेने त्याचे नाव आपल्यासारखे करून घेतले होते.

कोणाला कसले नाव द्यावे याचा लेखी नियमही या देशात होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तो आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदा दाखवणारे असावे. बायकांचीही सुटका नाही. त्यांचे नाव उच्चारायला सोपे, गोड आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले हवे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत तो ग्रंथ जळाला, पण हा नियम कथा-नाटकांतून आणि आता फोनवरच्या खेळांतूनही जिवंत आहे. घरातल्या मुलींची नावे आठवून पाहा. बहुतेकींच्या शेवटी आ नाहीतर ई सापडेल.

आता धोंडू या नावाचे. एखाद्या घरात आधीची मुले दगावली की पुढच्याला मुद्दाम धोंडू, दगडू, केरू म्हणायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मूल जगेल. ही समजूत एका जातीची नव्हती. कोकणातलेच महर्षी कर्वे घ्या. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांचे नाव काय? धोंडो केशव. तोच धोंडा! पण त्यांच्या नावाला शेवटी 'ओ' लागला आणि आमच्या आजोबांना गावाने 'धोंड्या' म्हटले. फरक दगडात नव्हता, शेपटीत होता. पंत, राव, बा लावले की माणूस ओटीवर बसतो आणि 'या' लावला की अंगणात उभा राहतो. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या विद्यार्थ्याचे नावही रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' असे आहे. त्या भिवाचे पुढे काय झाले, ते जगाला माहीत आहे.

एवढे झाल्यावर आम्हालाच या खेळाची गोडी लागली आणि त्याची माहिती काढली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो प्रसिद्ध केला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी १९७० साली गेली होती आणि पुढे काही काळ ते घरी जोडे दुरुस्त करून पोट भरत होते. चामड्याच्या कामावर जगलेल्या माणसाने जगभरच्या मुलांना हा खेळ दिला, हे वाचून आम्हाला बरे वाटले.

त्यांच्या घरी नावे कशी पडली, ते तर फारच गमतीचे. त्यांच्या अर्नेस्ट नावाच्या मुलाने आपल्या जादूगाराचे नाव ठेवले टेन्सर. स्वतःच्याच नावाची अक्षरे उलटीसुलटी केलेली. जिम वॉर्ड नावाच्या गड्याने आपले नाव उलटे लिहिले, झाला ड्रॉमिज. दुसऱ्या मुलाच्या पात्राचे नाव मेल्फ. ते तर कागदावर 'पुरुष' यासाठी लिहिलेले एक अक्षर आणि पुढे त्या पात्राची जात 'एल्फ', एवढ्यावरून पडले. म्हणजे ज्या भारदस्त नावांनी आपली मुले दिपून जातात, ती घरच्याच नावांची तोडफोड आहे!

हे ऐकताच मुलांनी आपापली नावे उलटी करायला घेतली. सुजाताची ताजासु झाली. करुणाचे उलटे केले तर 'णारुक' आले आणि घरभर हशा पिकला, कारण 'ण'ने मराठी शब्द सुरू होतोच कुठे? अखेर नारुक हा एक राक्षस ठरला. करुणा उलटली की राक्षस होतो, हे मुलांना आपसूक सापडले.

परके नाव घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. मिनँडर हा ग्रीक राजा, पण पालीने त्याला मिलिंद केले आणि बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढले, त्याला पुढे त्याचेच नाव दिले. आज आपल्या घरोघरी मिलिंद आहेत. नाव आजीच्या जिभेवर टिकले पाहिजे, एवढीच आमची अट. मातोश्री ड्रॅकोरला 'डरकोर' म्हणू लागल्या आणि त्या जादूगाराचा सगळा रुबाबच गेला.

आणि आपल्या पेटीत काय कमी आहे? भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत रायनाक आहे, येसनाक आहे. 'नाक' हा शेवट एके काळी आपल्या माणसांच्या नावाला असायचा. 'राजवीर'पेक्षा 'रायनाक' ऐकायला उणा आहे का? पाली ग्रंथांत तर पात्रेच पात्रे. जीवक वैद्य, उपाली न्हावी, झाडूवाला सुनीत, सारथी छन्न, कंथक घोडा. अंगुलिमालाचे मूळ नाव अहिंसक होते, अशी कथा आहे. बोटांची माळ घालू लागला तेव्हा त्याचे नाव बदलले आणि तथागत भेटल्यावर माणूसच बदलला. खेळात असे एक पात्र असले की बाकीचे डाव फिके पडतात. अण्णा भाऊंची 'फकिरा' १९५९ ची. फकिरा म्हणजे भिकारी-बैराग्याचे नाव, पण कादंबरी वाचून झाल्यावर ते नाव ऐकून कोणी हसत नाही.

मुलांनी मग धोंडूचे काय केले? एकाने सुचवले, धोंडूराजे करू. मातोश्रींनी ते हाणून पाडले. बापाला लोक ज्या नावाने हाक मारत, तेच राहील. पण त्यांनी मुलांना बापाची हकिकत सांगितली. आगबोट मालवणला किनाऱ्यापासून दूर उभी राहायची आणि माणसे, पोती पडावातून काठाला आणावी लागायची. आजोबा त्या पडावावर हमाल. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक फार. कोणत्या भरतीला कोणता खडक डोके काढतो, हे त्यांना तोंडपाठ होते. धुके असले की तांडेलसुद्धा त्यांना पुढे बसवी.

दुसऱ्या दिवशीपासून दिवटी पाळीपाळीने सगळ्यांनी धरायची ठरली. धोंडू होडीच्या नाळेवर जाऊन बसला. त्याचा फासा कोण टाकणार यावर भांडण होणार, तोच मातोश्री कोकमाने लाल झालेले हात पुसत म्हणाल्या, "फासो माका दी."

मुले आता मुंबईला परतली. वही इथेच आहे. राजवीर तिसऱ्या दिवशी बुडाला, डरकोराला नारुकाने खाल्ले, शॅडो खजिन्यातला वाटा घेऊन पळाला. धोंडूच्या पानावर अकरा गुण शिल्लक आहेत. तो जिवंत आहे आणि दिवाळीच्या सुटीची वाट पाहतो आहे.