नेक्टरीनला लागते थंडी, हापूसलाही

गुळगुळीत, लालबुंद सालीचे नेक्टरीन पाहून अनेकांना तो पीच आणि प्लमचा संकर वाटतो. खरे तर नेक्टरीन म्हणजे बिनलवेचे पीच, आपले सप्ताळूच. वनस्पतिशास्त्रात दोघांची जात एकच, प्रुनस पर्सिका. सालीवर लव आणणारे जनुक बिघडले आणि तो बिघाड दोन्ही पालकांकडून आला, की साल गुळगुळीत होते. कधी कधी पीचच्या झाडाची एखादीच फांदी नेक्टरीन धरते. डार्विनने १८६८च्या आपल्या ग्रंथात अशा झाडांची दखल घेतली आहे. नाव आले ते ग्रीक पुराणकथांतल्या देवांच्या पेयावरून, नेक्टरवरून. आपण त्याला अमृत म्हणू.

हापूसच्या रत्नागिरीत ते का पिकत नाही? हे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि ती झोप पुरी व्हायला थंडी लागते. साधारण ७ अंश सेल्सियसखालचे तास त्यासाठी मोजतात; बहुतेक वाणांना असे शेकडो तास हवे असतात. हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरमध्ये ते मिळतात. रत्नागिरीत समुद्र पारा तिथवर उतरूच देत नाही.

थंडी हापूसलाही लागते, पण बेताची. रात्रीचा पारा विशीच्या खाली राहिला तर पक्व काडीवर मोहर येतो. ऊब राहिली तर तिथेच पालवी फुटते. थंडी फार रेंगाळली तरी पंचाईत. मोहरावर पुन्हा मोहर येतो आणि आधी धरलेली वाटाण्याएवढी फळे गळतात. बागायतदाराचे अख्खे वर्ष या चार-पाच अंशांवर उभे असते, हे शहरात पेटी उघडणाऱ्यांनी जाणून घ्यायला हवे.

या दोन फळांतले आणखी एक साम्य मला त्याहून मोलाचे वाटते. दोन्हींचे निवडक वाण कलमावर टिकले आहेत. हापूसची कोय रुजवली तर येणारे झाड आईसारखे निघेल याची खात्री नाही, ते रायवळच. पोर्तुगीज काळात गोव्यात नावारूपाला आलेला हा आंबा काडीकाडीने कोकणभर पसरला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली दिलेला 'रत्ना' हा नीलम आणि हापूसचा संकर, तोही कलमानेच वाढवतात. म्हणून वाडीत साका, म्हणजे गरातला खराब भाग, कमी धरणारे, चवीचे जुने हापूसचे झाड असेल तर त्याची काडी आताच कलमाला द्यावी. एखाद्या वादळात ते उन्मळले, तर कोयीतून तेच झाड परत मिळणार नाही.