धाकटे वीजकेंद्र

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनमय जिल्ह्यांच्या सीमेवरून वैनगंगा वाहते. तिला वरच्या अंगास कन्हान मिळते आणि कन्हानला पेंच. या पेंच नदीवर रामटेक तालुक्यात तोतलाडोह येथे धरण असून त्याच्या पाण्यावर १६० मेगावॅटचे वीजकेंद्र चालते. त्या विजेचे दोन वाटे मध्य प्रदेशास व एक वाटा महाराष्ट्रास मिळतो. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील औष्णिक केंद्राची शक्ती मात्र २,९२० मेगावॅट आहे. त्याच्यापुढे पेंचची ती काय मातब्बरी, असे कोणासही वाटेल.

परंतु कोळशाचे केंद्र ही एक अजस्र चूलच होय. कोळसा दळावा, भट्टी तापवावी, पाण्याची वाफ करावी, तेव्हा कोठे चाके फिरतात. थंड पडलेला संच पुन्हा चालू होण्यास कित्येक तास लागतात. पाण्याचे तसे नाही. दार उघडले की पाणी नळातून वेगाने धावते आणि काही मिनिटांत वीज मिळू लागते.

या त्वरेचे मोल सायंकाळी कळते. देशातील सारी मोठी वीजकेंद्रे तारांनी एकमेकांस जोडलेली असून त्यांची यंत्रे एकाच तालात फिरतात. त्या तालामुळे विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो. घरोघरी एकदम दिवे लागले की चढणीवरच्या भरल्या गाडीच्या बैलांप्रमाणे सर्वच यंत्रांची चाल मंदावते. ती फारच मंदावली, तर जाळे वाचविण्यासाठी काही गावांची वीज तोडावी लागते. अशा वेळी पाण्यावरील केंद्र चटकन हात देते.

याहूनही मोठे संकट २०१२ साली ओढवले. जुलैच्या ३० व ३१ तारखांना उत्तर भारतातील जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला. सुदैवाने महाराष्ट्राकडील जाळे टिकले. पण औष्णिक केंद्र एकदा बंद पडले म्हणजे त्याचे पंखे, पंप आणि कोळसा दळणाऱ्या चक्क्या चालविण्यासाठी आधी बाहेरून वीज आणावी लागते. थोरल्याची चूल पेटविण्यास विस्तव शेजाऱ्याकडून मागावा लागतो! जलविद्युत केंद्रास स्वतः सुरू होण्यापुरती वीज अगदी थोडी लागते. ती लहानशा डिझेल यंत्रावरही भागते.

मात्र पेंचचे पाणी केवळ विजेसाठी नाही. यंत्रातून सुटलेले पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात साठते आणि तेथून शेतांकडे व नागपूरच्या नळांकडे जाते. पाऊस कमी झाला, तर दार किती वेळ उघडावे याचा हिशेब थेंबाथेंबाने करावा लागतो.