दोष आईचा की पिंजऱ्याचा?

सर्पोद्यानात आपण सगळे पुढच्या दाराने जातो. काचेमागची धामण, सुस्त पडलेली घोणस, फणा काढायचाही कंटाळा आलेला नाग मुलांना दाखवतो आणि बाहेर येऊन भेळ खातो. या सापांचे जेवण कुठून येते, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मलाही पडला नव्हता. पण काही वर्षांपूर्वी एका सर्पोद्यानात काम करणाऱ्या तात्यांची ओळख झाली आणि त्यांनी मागची खोली दाखवली. मांडणीवर ओळीने पिंजरे, तळाशी लाकडाचा भुसा आणि आत पांढरे उंदीर. सापांचे कोठीघरच म्हणा ना!

माझ्याबरोबर नऊ वर्षांची भाची होती. एका पिंजऱ्यात आदल्या रात्रीच मादी व्याली होती. ‘‘पहिलंच वेत आहे हिचं. हात लावू नका साहेब,’’ असे बजावून तात्या पाणी आणायला गेले. भाचीने हट्ट धरला. मी झाकण उघडले, कोपऱ्यातला भुसा बोटाने सारला. भुईमुगाच्या शेंगेएवढे गुलाबी जीव! आम्ही मोजले, आठ भरले. तात्या यायच्या आत झाकण लावून निमूट बाहेर आलो.

आठवड्याने पुन्हा गेलो. भाचीचा पहिला प्रश्न पिल्लांचाच होता. तात्या क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘नाहीत गं बाळ. तिनंच खाल्ली.’’ परतीच्या बसमध्ये भाची एकच विचारत होती, ‘‘मामा, आई असं कसं करेल?’’

बोका पिल्ले खातो म्हणून मांजरी त्यांना सात घरे फिरवते, हे आजीने सांगितलेले असते. पण खुद्द आईच? भाचीला मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. स्वतःला मात्र टाळता येईना. मग जमेल तसे वाचत गेलो.

उंदराची मादी साधारण १९ ते २१ दिवसांत विते. एका वेताला सहा-आठ, कधी दहा-बारा पिल्ले. जन्मतः पिल्लाचे वजन जेमतेम ग्रॅमभराच्या आसपास. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. ते उघडायला दोन आठवडे लागतात. तोवर ऊब आईची आणि घरट्याची. त्यातच व्याल्यावर एका दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे अंगावरचे पाजायचे आणि पोटातले वाढवायचे, दोन्ही एकदम. एवढ्याशा जिवाचा जमाखर्च फार ताणलेला असतो. अशा वेळी मेलेले पिल्लू घरट्यात कुजू देणे तिला परवडणारे नाही. व्याल्याबरोबर वार ती तोंडानेच साफ करते. मेलेले पिल्लूही त्याच तोंडाने साफ होते.

आणि इथेच आपली फसगत होते. सकाळी पिंजऱ्यात पिल्ले नसतात, एखादा अर्धवट तुकडा दिसतो, आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो की आईने मारले. युरोपातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या बाळंतपणाचे रात्रंदिवस चित्रीकरण केले, तेव्हा चित्र वेगळे दिसले. आईने जिवंत पिल्लू मारल्याचे प्रसंग थोडे. बरीच पिल्ले आधी मेलेली होती आणि मग खाल्ली गेली. खाणे दिसले म्हणजे मारणे सिद्ध झाले, असे नाही.

मारणारा पुष्कळदा वेगळाच असतो, तो म्हणजे परका नर. मादीचे पाजणे थांबले की ती लवकर माजावर येते, हा त्याचा स्वार्थ. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडच्या जंगलात वानरांमध्ये हेच पाहिले होते. टोळीत नवा हुप्प्या आला की तान्ह्यांवर गदा येते.

पण हाच उंदीर स्वतः बाप होणार असेल, तर बदलतो. मीलनानंतर साधारण तीन आठवड्यांनी, म्हणजे पिल्ले जन्माला येण्याच्या बेतालाच, तो मारणे सोडून पिल्लांना चाटू लागतो, ऊब देऊ लागतो. त्याला दिवस कसे कळतात? अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात ग्लेन पेरिगो आणि फ्रेडरिक व्हॉम साल यांनी काही नरांना दिव्यांच्या साह्याने २२ तासांचा दिवस दिला, काहींना २७ तासांचा. १९९० साली त्यांनी दाखवले की उंदीर तास मोजत नाही, उजाडणे आणि मावळणे मोजतो. पुढे २०१४ साली हार्वर्डमध्ये कॅथरीन ड्युलॅक यांच्या गटाने तर मेंदूतला काही पेशींचा पुंजका चेतवला आणि पिल्लांवर धावून जाणारा सडा नर त्यांना चाटू लागला. क्रूर आणि मायाळू असे दोन उंदीर नसतातच. एकाच उंदरात दोन्ही असतात. वर काय येणार, ते भोवतालावर ठरते.

तात्यांना यातले काही ठाऊक नव्हते, पण अनुभवाने ते त्याच जागी पोचले होते. व्यालेल्या मादीच्या पिंजऱ्यात परका नर सोडायचा नाही. गर्दी करायची नाही, कारण आधीच्या वेताची थोराड पिल्ले असली तर नव्यांचा निभाव लागत नाही. घरट्यासाठी कागद, चिंध्या द्यायच्या. पाणी आटू द्यायचे नाही. आणि पहिले काही दिवस उगाच डोकावायचे नाही.

कुणी म्हणेल, एवढा जीव कशाला टाकायचा? जगली असती तरी ती सापाच्याच पोटात जायची होती. खरे आहे. पण सापांनाही जगायला हवे. सर्पदंशावरची लस बनते ती जिवंत सापांच्या विषापासूनच. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. मीही एकदा तात्यांना हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, ‘‘सापानं खाल्लं की त्याचं पोट भरतं. आपल्या चुकीनं गेलं की आपलं मन खातं.’’

ती आठ पिल्ले माझ्या बोटामुळे गेली की आधीच अशक्त होती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण आपल्याकडे बाळंतिणीची खोली आडोशाची, उबेची का असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आजी उंबऱ्यावरच का थोपवत असे, ते मला त्या खोलीत उमगले.

भाचीला आता स्वतःची मुलगी आहे. तिला हे सगळे सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मामा, इतकी वर्षं मी उगाच तिच्यावर रागावले होते.’’

मागच्या वेळी सर्पोद्यानात गेलो, तेव्हा त्या खोलीतल्या एका पिंजऱ्यावर गोणपाट टाकलेले होते. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. मी गोणपाट उचलले नाही.