सरकी, खुडूक कोंबडी आणि एका डोळ्यानं झोपणारं बदक

अंडं फोडलं आणि बलक हिरवट निघाला, तर आधी कोंबडीनं काय खाल्लं ते बघा. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. बेला, जैनथकडे, पैनगंगेच्या अंगानं ज्या घरी गुरं आहेत, तिथं सरकी पेंड आलीच. आणि सांडलेली पेंड कोंबड्या सोडत नाहीत. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते बलकातल्या लोहाशी जुळतं आणि अंडं काही दिवस ठेवलं की बलक शेवाळी दिसू लागतो. सरकीच्या तेलातली काही आम्लं तर पांढऱ्या भागालाही गुलाबी छटा आणतात. अंडी विकायची असतील तर गव्हाणीपाशी कोंबड्यांना फिरकू देऊ नका.

खरा धोका मात्र पेरणीच्या दिवसांत. कापसाच्या रंगवलेल्या बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असतं. उरलेलं पाकीट ओसरीवर उघडं राहिलं तर सकाळपर्यंत कळप आडवा होऊ शकतो. पाकीट उंचावर, झाकून. फवारलेल्या वावरातही पक्षी जाऊ द्यायचे नाहीत.

जात कोणती घ्यावी?

हैदराबादला राजेंद्रनगरात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. वनराजा आणि ग्रामप्रिया या तिथं तयार झालेल्या जाती, खास परसासाठी. रंगीत पिसांचा उपयोग दुहेरी: मोकळ्यावर चरणारा पक्षी घारीच्या नजरेत लवकर भरत नाही आणि बाजारात गिऱ्हाईक त्याला गावरानासारखा मानतं. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते. ग्रामप्रिया दीडशेच्या घरात जाते.

हा हिशेब ऐकला की पुष्कळ जण गावरान कोंबड्या विकून टाकतात. माझ्या मते तिथंच गणित चुकतं. सुधारित जाती निवडताना अंड्यांवर भर दिला गेला, आणि खुडूक बसण्याची ओढ मागे पडली. अंडी भरपूर, पण पिल्लं काढणार कोण? म्हणून दहा पक्ष्यांच्या कळपात दोन-तीन तरी गावरान माद्या हव्यातच.

खुडूक कोंबडीचं काम

खुडूक बसलेली कोंबडी जवळून बघण्यासारखी असते. पिसं फुगवून ती टोपलीत पसरते, हात पुढे केला की घशातून गुरगुरते, दिवसातून एकदाच उठून दाणापाणी उरकते आणि लगेच परतते. छातीखालची पिसं विरळ होऊन उघडी कातडी अंड्यांना टेकते. दिवसातून कितीतरी वेळा ती चोचीनं अंडी उलटवते. उलटवली नाहीत तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतो. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लं कवचाच्या आतूनच चिवचिवू लागतात, आणि आई त्यांना बाहेरून उत्तर देते.

कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८. म्हणजे दोन्ही एकाच आईखाली काढायची असतील तर बदकाची अंडी आठवडाभर आधी ठेवायची. नाहीतर कोंबडीची पिल्लं बाहेर आली की आई त्यांना घेऊन उठते आणि बदकाची अंडी गार पडतात. मस्कोव्ही बदक असेल तर १४ दिवसांचा फरक धरा, कारण त्याला ३५ दिवस लागतात. ते मुळात दक्षिण अमेरिकेतलं. बाकीची सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आली. बदकाच्या अंड्यांना ओल जास्त लागते. शेवटच्या दिवसांत कोमट पाण्याचा हलका शिडकावा द्यावा.

पुढे बदकाची पिल्लं डबक्यात उतरतात आणि कोंबडी काठावर आकांत करत फिरते. पण पहिले काही आठवडे त्यांना खोल पाण्यात सोडू नका. अंगावरची लव भिजली की पिल्लू गारठून दगावतं.

तळं नको, खोल भांडं हवं

मोठ्या बदकालाही पोहायला तळं लागतंच असं नाही. डोकं बुडेल एवढं खोल भांडं मात्र लागतं, कारण डोळे आणि नाकपुड्या ते पाण्यातच धुतं. बदकं बहुतेक अंडी पहाटे देतात. आठ-नऊच्या आत दार उघडलं तर अंडी बांधाला आणि ओढ्यात शोधत बसावं लागतं. कलकलाट करते ती मादी. नराचा आवाज घोगरा असतो आणि त्याच्या शेपटीवरची पिसं वर वळलेली असतात. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमध्ये अडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसावं शतक संपून विसावं सुरू होताना तयार केली. नीट सांभाळली तर ही बदकं वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात.

बदकं रांगेनं झोपतात तेव्हा कडेच्या बदकांचा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा राहतो आणि मेंदूचा अर्धा भाग जागा. १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. तरी मुंगसापासून राखायला त्या उघड्या डोळ्याच्या भरवशावर खुराडं सोडू नका. जाळी बारीक हवी आणि जमिनीत थोडी पुरलेली.

बदकांना खुराडं वेगळंच द्या. ती पाणी सांडतात, भुसा ओला होतो आणि कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड तर बदकांना अजिबात नको. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन त्यांना कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर मारतं. हे विष १९६० साली इंग्लंडात टर्की मोठ्या संख्येनं मेल्यावर उजेडात आलं, आणि पुढे ते तपासण्यासाठी प्रयोगशाळेत बदकाची पिल्लंच वापरत.

ऊन आणि थंडी

आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांकडे जातो आणि थंडीत हाच जिल्हा तेलंगणात सर्वांत गारठलेल्यांपैकी एक असतो. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकते. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि मे महिन्यातली अंडी पातळ कवचाची होतात. सावली, गार पाणी आणि चुनखडीचा चुरा एवढं हवंच. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब द्यावी, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तापमापक नसला तरी चालतो: पिल्लं दिव्याखाली गर्दी करत असतील तर थंडी वाजतेय, लांब पळत असतील तर उकडतंय.

फुकटच्या खाद्यासाठी जुना उपाय आहे. मडक्यात शेण आणि गोणपाटाचे ओले तुकडे भरून ते वारुळाजवळ उपडं ठेवा. सकाळी आत वाळवी जमते, आणि पिल्लांना तिच्यासारखं प्रथिन विकत मिळायचं नाही.

मानमोडी

कळप संपवते ती राणीखेत, म्हणजे मानमोडी. जगात तिला नाव मिळालं ते इंग्लंडातल्या न्यूकॅसल शहरावरून, आपल्याकडे कुमाऊंमधल्या राणीखेतवरून. औषध नाही, लस आहे: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचून. अडचण एकच. कुपी शंभर-शंभर डोसांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पक्ष्यांसाठी कुणी ती फोडत नाही. म्हणून पाड्यावरच्या दहा-बारा घरांनी मिळून दिवस ठरवायचा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी आणायची आणि पहाटे खुराडी उघडण्याआधी घरोघर फिरायचं.