खासगी ब्राउझिंग : काय पुसले जाते, काय मागे उरते?

एकच संगणक किंवा एकच मोबाईल घरातील अनेकांनी वापरणे ही आपल्या देशातील सर्वसामान्य बाब आहे. अशा संचावर कुणाला आजाराविषयी माहिती हवी असते, कुणाला बँकेचे खाते पाहायचे असते, तर घरातच छळ सोसणाऱ्या एखाद्या महिलेला मदत कुठे मिळेल हे कुणालाही कळू न देता शोधायचे असते. अशा वेळी ब्राउझरमधील ‘खासगी ब्राउझिंग’ या सुविधेचा आधार घेतला जातो. मात्र ही सुविधा नेमके काय झाकते, याविषयी बरेच गैरसमज आहेत आणि त्यांची किंमत कधी कधी फार मोठी असू शकते.

सुविधेचा उगम

अॅपल कंपनीच्या ‘सफारी’ या ब्राउझरमध्ये २००५ साली ही सोय प्रथम उपलब्ध झाली. त्यानंतर २००८ मध्ये गुगलच्या ‘क्रोम’ने ती ‘इन्कॉग्निटो’ या नावाने आणली. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ची आठवी आवृत्ती आणि मोझिलाचा ‘फायरफॉक्स’ यांनीही तिचा अवलंब केला.

या सर्व ब्राउझरांमध्ये कार्यपद्धती साधारणपणे सारखीच असते. नेहमीच्या वापरात ब्राउझर भेट दिलेल्या संकेतस्थळांची यादी ठेवतो, पाने लवकर उघडावीत म्हणून त्यांचे भाग साठवतो आणि संकेतस्थळांनी दिलेल्या ‘कुकी’ या छोट्या नोंदी जपतो. खासगी खिडकीत यादी ठेवली जात नाही. कुकी आणि तात्पुरता साठा शेवटची खासगी खिडकी बंद होताच काढून टाकला जातो. एक जरी खासगी खिडकी उघडी राहिली, तरी या नोंदी वापरात राहतात, हे ध्यानात ठेवावे.

पडद्याआड कोण पाहते?

ही सुविधा केवळ आपल्या यंत्रावरील नोंदींपुरती मर्यादित आहे. इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी, कार्यालय किंवा महाविद्यालयातील जाळ्याचे व्यवस्थापक आणि भेट दिलेली संकेतस्थळे यांच्यापासून ती संरक्षण देत नाही. संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तर पानावरील मजकूर वाटेत वाचता येत नाही, तथापि कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली, हे सेवा पुरवठादाराला बहुधा कळू शकते. खासगी खिडकीतही आपण ई-मेल किंवा अन्य खात्यात प्रवेश केला, तर ती कंपनी आपल्याला ओळखते आणि त्या खात्यात नोंद होऊ शकते.

याच मुद्द्यावर अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जून २०२० मध्ये गुगलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. इन्कॉग्निटो वापरत असतानाही आपली माहिती गोळा केली जाते, अशी वापरकर्त्यांची तक्रार होती. डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तपशिलानुसार, गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे किंवा त्यांतील ओळख पुसण्याचे आणि खासगी खिडकीवरील सूचना अधिक स्पष्ट करण्याचे मान्य केले.

यंत्रावर उरणाऱ्या खुणा

उतरवून घेतलेल्या फाईल्स आणि जतन केलेले बुकमार्क खासगी खिडकी बंद केल्यानंतरही कायम राहतात. संगणकाची कार्यप्रणाली संकेतस्थळांची नावे काही काळ स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. ब्राउझरला जोडलेले अतिरिक्त प्रोग्रॅम खासगीपणाला छेद देऊ शकतात, असे स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१० मध्येच दाखवून दिले होते. यंत्रावर कुणी पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले असेल, तर खासगी खिडकीचा काहीही उपयोग होत नाही.

खुणा कशा पुसाव्यात?

• काम संपताच प्रथम खात्यातून बाहेर पडावे आणि नंतर सर्व खासगी खिडक्या बंद कराव्यात.

• ‘डाउनलोड’ फोल्डर तपासून नको असलेल्या फाईल्स काढाव्यात आणि ‘रिसायकल बिन’ही रिकामा करावा.

• संगणक पूर्णपणे बंद करून पुन्हा सुरू करावा. विंडोज प्रणालीने लक्षात ठेवलेली संकेतस्थळांची नावे त्यामुळे सहसा पुसली जातात.

• चुकून साध्या खिडकीत शोध घेतला असल्यास ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘डिलीट’ ही बटणे एकत्र दाबावीत आणि उघडणाऱ्या चौकटीत योग्य कालावधी निवडून नोंदी पुसाव्यात.

• ऑनलाईन खात्यात साठलेल्या नोंदी त्या खात्याच्या व्यवस्थापन पानावर जाऊन वेगळ्या पुसाव्या लागतात.

घरातील कुणाच्या पाळतीची भीती असेल, तर मात्र अधिक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. संपूर्ण इतिहास एकाएकी कोरा दिसणे हेच संशयाचे कारण ठरू शकते. अशा वेळी मोजक्याच नोंदी काढणे किंवा विश्वासू मैत्रिणीचा फोन वापरणे अधिक सुरक्षित होय. महिला मदतवाहिनीच्या १८१ या क्रमांकावर केलेला दूरध्वनीही फोनच्या यादीत दिसतो. खासगी ब्राउझिंगने तो लपत नाही.

सायबर कॅफेत जाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की २०११ च्या नियमांनुसार ग्राहकांनी पाहिलेल्या संकेतस्थळांच्या नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवण्याची जबाबदारी कॅफेचालकावर टाकण्यात आली आहे.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. दैनंदिन वापरात या अधिकाराचे जतन करायचे, तर आपल्यानंतर तोच संच हाताळणाऱ्या व्यक्तीपासून माहिती झाकणे आणि साऱ्या जगापासून अदृश्य होणे यांतील अंतर ओळखायला हवे. खासगी ब्राउझिंग यांपैकी पहिले काम बऱ्याच अंशी करते; दुसरे करण्यासाठी ते बनलेलेच नाही.