यॉटामीटर : एका नावाची जन्मकथा

मोठ्या संख्यांना नावे देण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली. तेथे परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये. यजुर्वेदातील यादीत मात्र हाच परार्ध एकावर १२ शून्यांचा आहे. शब्द एक आणि संख्या दोन! इंग्रजीचीही हीच गत. ‘बिलियन’ म्हणजे अमेरिकेत एकावर ९ शून्ये, तर इंग्लंडात दीर्घकाळ १२. काव्यात हे खपून जाईल. मोजमापात कसे खपावे?

म्हणून मेट्रिक पद्धतीत नावे ठरविण्याचे काम वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेकडे सोपविलेले आहे. ‘किलो’ हा ग्रीक भाषेतील हजार. पुढची नावे मोठेपणावरून आली. ‘मेगा’ म्हणजे थोर, ‘गिगा’ म्हणजे राक्षसी देहाचा, ‘टेरा’ म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी. आता अक्राळविक्राळापुढे आणखी मोठे काय म्हणावे? तेव्हा विशेषणांचा नाद सोडून परिषद सरळ मोजू लागली. हजार पाच वेळा गुणले, म्हणून ग्रीक ‘पेंटा’तील न गाळून ‘पेटा’. सहा वेळा गुणले, म्हणून ‘हेक्सा’तील ह गाळून ‘एक्सा’. ही नावे १९७५ ची. १९९१ साली सातावरून ‘झेटा’ आणि आठावरून ‘यॉटा’ आले.

आठाला ग्रीक व लॅटिन भाषांत ‘ऑक्टो’ म्हणतात. मग आरंभी य कोठून आला? कारण अगदी व्यवहारी आहे. प्रत्येक नावाचे पहिले अक्षर त्याचे चिन्ह होते. ‘ओ’ हे रोमन अक्षर चिन्ह म्हणून घेतले असते, तर ते शून्यासारखे दिसून घोटाळा झाला असता. म्हणून पुढे ‘वाय’ हे अक्षर जोडले.

एक यॉटामीटर म्हणजे एकावर २४ शून्ये इतके मीटर. आपल्या परार्धाला एक कोटीने गुणावे, तेव्हा ही संख्या येते. सूर्यापासून आपल्यापर्यंत सुमारे आठ मिनिटांत पोहोचणाऱ्या प्रकाशाला एक यॉटामीटर तोडण्यास साडेदहा कोटी वर्षे लागतात. शेजारची देवयानी दीर्घिका सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर, पण ते अंतर यॉटामीटरचा चाळिसावा हिस्साही भरत नाही. आपल्याला दिसू शकणाऱ्या साऱ्या विश्वाचा व्यास मात्र सुमारे ८८० यॉटामीटर आहे. अवघे विश्व तीन आकड्यांत मावले!

खरे सांगावयाचे तर खगोलशास्त्रज्ञ हे माप फारसे वापरीत नाहीत. प्रकाशवर्ष व पार्सेक त्यांच्या अंगवळणी पडले आहेत. मग नाव ठरविण्याचा खटाटोप कशाला? ह्याचे उत्तर २०२२ साली मिळाले. संगणकांतील माहितीचे आकडे फुगत चालले आणि यॉटाच्या पलीकडे ज्याला जे सुचेल ते नाव रूढ होऊ लागले. परार्धाचा घोटाळा पुन्हा होण्याचीच ती चिन्हे होती. तेव्हा परिषदेने ‘रोना’ (२७ शून्ये) आणि ‘क्वेटा’ (३० शून्ये) ही नावे पक्की केली.

संख्येला अंत नाही, नावांना मात्र आहे. ते कोठे असावेत हे माणसांनीच एकत्र बसून ठरवावे लागते. पुणे असो वा पॅरिस, यॉटाची शून्ये चोवीसच राहतात, ती ह्या एकमतामुळे.