आईच्या दुधाचे गणित

मे महिन्यातील दुपार आहे. बदलापुरातील एका चाळीत, तापलेल्या पत्र्याखाली, पाळण्यात दोन महिन्यांचे बाळ रडते आहे. घरातील कोणी तरी म्हणते, "घसा सुकला असेल हो, चमचाभर पाणी पाजा!" तुम्ही तेथे असता तर काय म्हणाला असता?

उत्तर देण्यापूर्वी एक छोटे गणित करू. आईच्या दुधात शेकडा सुमारे ८८ भाग पाणीच असते. बाळ दिवसभरात साधारण ७०० मिलिलिटर दूध पिते असे धरा. म्हणजे ६०० मिलिलिटरहून अधिक पाणी त्याच्या पोटात गेलेच! उन्हाळ्यातही तेवढे त्याला पुरते. वरचे पाणी दिले की चिमुकले पोट भरते, बाळ कमी चोखते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

कारण दूध म्हणजे टाकीत भरून ठेवलेले पाणी नव्हे, की तोटी उघडली आणि आले. बाळ चोखू लागले की मज्जातंतू मेंदूला खबर देतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी मग दोन संप्रेरके रक्तात सोडते. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर ढकलले जाते. दूध साचून राहिले तर ते बनण्याचा वेगच मंदावतो. थोडक्यात, जशी मागणी तसा पुरवठा. "दूध पुरत नाही" म्हणून वरचे दूध सुरू करावे, तर त्यामुळेच आईचे दूध आणखी कमी होते!

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे चालेल. याला निव्वळ स्तनपान म्हणतात. सहा महिन्यांनंतर मऊ भात, खिमट वगैरे सुरू करायचे, पण आईचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवायचे.

आपल्या देशात हे किती पाळले जाते? मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम पाहते. तिच्या आकड्यांत एक मोठे कोडे दडलेले आहे. जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके १९९२-९३ च्या पाहणीत शेकडा सुमारे १० होती. २००५-०६ मध्ये ती २३ झाली, २०१५-१६ मध्ये ४१.६. आणि २०१९-२१ मध्ये? ४१.८! आलेख जणू भिंतीला टेकला. याच दोन पाहण्यांच्या दरम्यान दवाखान्यात होणारी बाळंतपणे मात्र शेकडा ७९ वरून ८९ वर गेली. डॉक्टर आणि परिचारिका जवळ असूनही पहिला तास का हुकावा?

एक कारण शस्त्रक्रियेचे असावे. त्याच काळात देशात सिझेरियन बाळंतपणे शेकडा १७ वरून २१.५ वर गेली. आपल्या महाराष्ट्रात ती २० वरून २५ झाली, आणि पहिल्या तासाचा आकडा सुमारे ५७ वरून ५३ वर घसरला. शस्त्रक्रियेनंतर आई एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत, असे पुष्कळदा घडते. थोडी मदत मिळाली तर शस्त्रक्रिया झालेली आईही लवकर पाजू शकते. पण मदतीला मोकळे हात हवेत ना! दुसरे कारण आपल्या रीतिरिवाजांचे. गाईच्या चिकाचा खरवस आपण चवीने खातो, पण आईचा पिवळसर चीक कित्येक घरांत पिळून टाकला जाई आणि बाळाला मध चाटवला जाई. त्या चिकात इम्युनोग्लोब्युलिन ए ही प्रतिपिंडे भरपूर असतात. बाळाच्या आतड्याचे ते पहिले चिलखतच होय.

आता दुसरा आकडा पाहा. सहा महिन्यांखालील बालकांपैकी निव्वळ स्तनपान मिळणारी २००५-०६ मध्ये शेकडा ४६ होती, २०१९-२१ मध्ये ६४ झाली. छानच! पण आकडा कसा मिळवला हेही विचारायला शिका. पाहणीत आईला बाळाने काल दिवसभरात आणि रात्री काय काय घेतले एवढेच विचारतात. त्यात पाच दिवसांचे बाळ असते तसे पाच महिन्यांचेही असते. तेव्हा ६४ बालकांना पूर्ण सहा महिने निव्वळ दूध मिळाले असा अर्थ काढला तर चुकेल. २००५-०६ च्या पाहणीत दोन महिन्यांखालील बालकांत हे प्रमाण शेकडा सुमारे ६९ होते, तर चार-पाच महिन्यांच्या बालकांत अवघे २८.

चौथ्या महिन्याच्या सुमारास असे काय होते? पाहणीचे आकडे जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात, एकेका शहराचे मिळत नाहीत. पण सकाळी बदलापूर स्थानकावर उभे राहिलात तर थोडा उलगडा होईल. तेथून मुंबईचे शेवटचे स्थानक सुमारे ६८ किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास, मध्ये आठ तासांची नोकरी. बेरीज करा : बाळ अकरा तास आईपासून दूर! २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, म्हणजे बरोबर सहा महिने. मोठ्या आस्थापनांना पाळणाघरही बंधनकारक झाले. पण अंबरनाथच्या एखाद्या लहानशा कारखान्यात रोजंदारीवर असलेली, किंवा उल्हासनगरात घरी बसून जीन्सचे धागे कापणारी आई या रजेच्या हिशेबात कोठे बसते? तिचे काम थांबले की मजुरीही थांबते. मग बाळाच्या वाट्याला येते बाटली आणि पिंपातल्या पाण्यात कालवलेली भुकटी. पाणी दूषित असेल तर हगवण ठरलेलीच. महाग म्हणून भुकटी पातळ केली तर उपासमार.

या भुकटीच्या डब्यांवर पूर्वी गुटगुटीत बाळाचे चित्र असे. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने अशा जाहिरातींविरुद्ध संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते पडली, विरुद्ध एकच, अमेरिकेचे. भारताने १९९२ साली कायदा केला. पुढच्या वेळी औषधांच्या दुकानात गेलात तर डबा नीट पाहा. बाळाचे किंवा आईचे चित्र त्यावर छापता येत नाही, आणि आईचे दूधच सर्वोत्तम ही सूचना छापावीच लागते.

मग नोकरीवर जाणाऱ्या आईने काय करावे? याच मध्य रेल्वेवर शीव येथे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. तेथे १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने भारतातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. इतर मातांनी दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे तापवून, गोठवून, वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी ठेवतात. घरी स्वतःच्याच बाळासाठी इतका खटाटोप लागत नाही. स्वच्छ हातांनी उकळलेल्या भांड्यात काढलेले दूध झाकून फ्रिजमध्ये दिवसभर टिकते, आणि आजी ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा जुन्या बोंडल्याने पाजू शकते. कामावरही मधून मधून दूध काढावे लागते, नाही तर ते साचते. त्यासाठी आडोसा आणि दहा-पंधरा मिनिटे हवीत. ती किती ठिकाणी मिळतात, हे तुमच्या आईला, मावशीला विचारून पाहा.

आणि रात्री? प्रोलॅक्टिनचे प्रमाण दिवसापेक्षा रात्री जास्त असते. म्हणूनच संध्याकाळच्या लोकलने घरी परतलेली आई रात्रीचे पाजणे चालू ठेवते, तेव्हा दिवसाचा एवढा खंड पडूनही तिचे दूध बरेचसे टिकून राहते.